समुद्राची शंका, विज्ञानाची सभा

नांदेड-लातूरच्या शाळा-महाविद्यालयांतूनही २८ फेब्रुवारीस विज्ञान दिन साजरा होतो. मात्र ज्यांच्या शोधाचा हा दिवस, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या संशोधनाला समुद्रावरील एका शंकेने वळण दिले, याचे स्मरण क्वचितच होते.

१८८८ साली जन्मलेले रामन आरंभी अर्थखात्यात अधिकारी होते. रंगून, नागपूर अशा बदल्या झाल्या. कलकत्त्यात कचेरीबाहेरचा वेळ प्रयोगशाळेत जाई. १९१७ मध्ये चांगल्या वेतनावर पाणी सोडून ते प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेहून बोटीने परतताना त्यांनी सागराची निळाई न्याहाळली. ती आकाशाचे प्रतिबिंब होय, असे रॅले मानीत. रामन यांनी निकोल लोलकाने पृष्ठभागावरचे प्रतिबिंब वगळले, निळाई उरलीच. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हा निष्कर्ष त्यांनी मुंबई बंदरातूनच 'नेचर'कडे धाडला.

याच वाटेवर १९२८ चा शोध लागला. १६ मार्चला तो बंगळूरच्या विज्ञानसभेत मांडून त्यांनी छापील निबंध जगभर पाठविले. मॉस्कोत लँड्सबर्ग व मांडेलश्टाम यांनाही तोच परिणाम आढळला होता. त्यांचे निवेदन मागाहून प्रसिद्ध झाले. १९३० चे नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. आज त्याच परिणामावर चालणारी उपकरणे सागरतळाचे रसायन उलगडतात.

शोध लागणे हे अर्धेच कार्य; तो जाणकारांपुढे वेळेवर मांडणे हे उरलेले अर्धे. मांजरा-गोदावरी समुद्राकडे किती क्षार नेतात, हे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञान दिनी व्यासपीठ द्यावे आणि श्रोत्यांनी त्याला निर्भीडपणे प्रश्न विचारावेत. हारतुऱ्यांपेक्षा रामन यांचे ते खरे स्मरण ठरेल.