प्रार्थना सुकते तेव्हा : पंडिता रमाबाईंचं बायबल

आजचं वाचन : यिर्मया ३२:१६–२७



प्रार्थनेला बसायचं, रोजचीच चार वाक्यं म्हणायची, आमेन झालं की मोबाईल हातात. पुण्या-मुंबईतले तुम्ही बरेच जण ही तक्रार करता. इथं घोडेगावातही वेगळं काही नाही. मंचरहून चाकणला कामाला जाणाऱ्याची प्रार्थना बसच्या सीटवरच डुलकीत संपते. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावात राहून गेलेल्या एका बाईंबद्दल लिहिते. नाव सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचीही प्रार्थना एके काळी कोरडी होती, हे कमी जणांना ठाऊक असतं.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईकडून संस्कृत शिकल्या, भागवताचे हजारो श्लोक लहान वयातच तोंडपाठ. दुष्काळात आई, वडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा मान केला. मग लग्न, एक मुलगी, आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्याला वाटतं, झालं, आता सगळं सुरळीत. तसं झालं नाही. पुढची साधारण ८ वर्षं त्या बायबल वाचत होत्या, उपासनेला जात होत्या, मुंबईत आणि मग पुण्यात शारदासदन चालवत होत्या, आणि आतून उपाशी होत्या. ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र अजून सापडायचा आहे, असं त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत कबूल केलं. याच काळात विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती लागलं. हा माणूस अनेक वर्षं उपदेश करत होता आणि एके दिवशी स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचाच उपदेश चालू असताना त्याचं हृदय पालटलं! रमाबाईंना त्यात आपलीच अवस्था दिसली. त्या पुन्हा बायबलकडे वळल्या, पण आता अभ्यासक म्हणून नाही. रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात आपण दुर्बळ असताना, शत्रू असताना ख्रिस्त मेला असं आहे. ते त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं म्हणून वाचलं. आधी लायक व्हायचं, मग देवापुढे जायचं, ही अटच गळून पडली.

आता आजच्या वाचनाकडे या. यिर्मया कैदेत आहे, यरुशलेमेला वेढा पडलाय, आणि अशा वेळी देवाने त्याला शेत विकत घ्यायला लावलंय. त्याची प्रार्थना नीट बघा. १७ व्या वचनात तो म्हणतो की देवाला काहीच अवघड नाही, आणि २५ व्यापर्यंत येता येता स्वतःच गोंधळतो : शहर तर चाललंय खास्द्यांच्या हाती, मग शेत कशाला? २७ व्या वचनात देव त्याचेच शब्द प्रश्न करून त्याला परत देतो. किती छान आहे हे!

रमाबाईंनी हेच वचन धरलं. लोणावळ्याच्या प्रार्थना-शिबिरात पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. सोबत १५ मुली विश्वासात आलेल्या. त्यांनी मागितलं की पुढच्या शिबिरापर्यंत या १५ च्या १५ पट, म्हणजे २२५ व्हाव्यात. शारदासदनात तेवढ्या मुलींना जागाही नव्हती. स्वतःचं गणित त्यांना स्वतःलाच पटेना, तेव्हा हे वचन आठवलं, आणि ते तारखेसह त्यांनी लिहून ठेवलं. थोड्याच काळात मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन परतल्या. केडगावची शेतजमीन आधीच घेतलेली होती. तिथंच मुक्तीसदन उभं राहिलं.

तुम्हीही हे करून बघा. आज दहा विनंत्या नकोत, एकच वचन घ्या. मोठ्याने वाचा. पटत नसेल तर यिर्मयासारखं, पटत नाही म्हणून सांगा. वहीत तारीख टाका. शब्द सुचत नसतील तर वचनातलेच वापरा, ते उसने घेतल्याची लाज नको.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज माझ्यासोबत प्रार्थनेला कोण बसेल? ७० जणी उठल्या. जूनपर्यंत त्या ५०० च्या वर गेल्या, आणि मग मुक्तीत जे संजीवन झालं त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

शेवटची बरीच वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं, खेड्यातल्या बाईला कुणाला न विचारता कळेल असं. छपाईचं काम मुक्तीतल्या बायकामुलींनीच केलं. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, वारली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

उद्याचं वाचन : यिर्मया ३३:१–११