होरेस वेल्स : वेदनेशी झगडलेला दंतवैद्य

दाढ काढायची म्हटली की भल्याभल्यांची बोबडी वळते. लवंग दाबून आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून आठवडे ढकलणारी माणसे आपल्यात घरोघरी सापडतील. ही भीती घालवायला आज दंतवैद्याजवळ उपाय आहेत. त्यांतल्या सर्वांत जुन्या उपायामागे जो माणूस उभा आहे, त्याची कहाणी यंदा हैदराबादच्या आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले.

होरेस वेल्सचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात झाला. १८३६ पासून तो हार्टफर्ड शहरात दंतवैद्यकी करू लागला. त्या काळी दात काढणे म्हणजे शुद्धीवरच्या माणसाला खुर्चीत धरून ठेवून चिमट्याने ओढणे.

१० डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी वेल्स पत्नी एलिझाबेथसह एक करमणुकीचा कार्यक्रम पाहायला गेला. गार्डनर कोल्टन हा गृहस्थ नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, लोकांना हुंगायला देई आणि त्यांच्या माकडचेष्टांवर प्रेक्षक हसत. हा वायू वेदना शमवतो, हे इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्हीने १८०० मध्येच लिहून ठेवले होते. पण कोणी मनावर घेतले नव्हते. त्या संध्याकाळी सॅम्युएल कूली नावाच्या तरुणाचा पाय धडपडीत चांगलाच सोलवटला आणि त्याला ते कळलेदेखील नाही. सभागृह हसत होते, वेल्स मात्र तो पाय पाहत होता.

दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला बोलावले, स्वतः वायू हुंगला आणि जॉन रिग्ज या सहव्यावसायिकाकडून स्वतःची दाढ काढून घेतली. प्रयोग आधी स्वतःवर, मग रुग्णांवर, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पुढच्या काही आठवड्यांत त्याने कित्येकांचे दात असेच काढले. शोधाचे पेटंट मात्र घेतले नाही.

जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक ठरले. वायूची पिशवी जरा लवकर बाजूला झाली, रुग्ण ओरडला आणि विद्यार्थ्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. एका ओरडण्याने माणसाचे आयुष्य बदलले. त्याची प्रकृती ढासळली, व्यवसाय सुटत गेला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर देऊन शस्त्रक्रिया घडवून आणली आणि जगाने त्याला डोक्यावर घेतले. मॉर्टन हा वेल्सचाच जुना शिष्य आणि भागीदार!

१८४८ च्या प्रारंभी वेल्स न्यूयॉर्कला आला आणि क्लोरोफॉर्मचे प्रयोग स्वतःवरच करू लागला. (याच क्लोरोफॉर्मची पारख पुढे १८८८-८९ मध्ये निजामाच्या खर्चाने आपल्या हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने झाली.) सततच्या हुंगण्याने त्याचे मन भ्रमले. त्या भरात त्याने रस्त्यावरच्या स्त्रियांवर आम्ल फेकले आणि तो तुरुंगात गेला. भानावर आल्यावर घडलेली गोष्ट त्याला सोसवली नाही. २४ जानेवारीला त्याने तिथेच जीवन संपवले; वय अवघे तेहतीस. शोधाचा मान त्याला मरणानंतर मिळाला. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेने १८६४ मध्ये तो मान्य केला, आणि १८७५ मध्ये हार्टफर्डच्या बागेत त्याचा पुतळा उभा राहिला.

वायूला पुन्हा दवाखान्यात आणले ते कोल्टननेच, १८६३ मध्ये. आज तो प्राणवायूत मिसळून नाकावरच्या लहानशा मास्कमधून देतात. रुग्ण जागा असतो, बोलतो, फक्त धास्ती ओसरते. तो पूर्ण भूल देत नाही, म्हणून हिरडीत बधिर करणारे इंजेक्शन लागतेच. ज्यांची भीती याने जात नाही, त्यांच्यासाठी आधी घ्यायची गोळी किंवा शिरेतून देण्याचे शामक औषध असते. अगदीच गरज पडली तर रुग्णालयात पूर्ण भूल. दमा, गर्भारपण, चालू औषधे हे सारे दंतवैद्याला आधी सांगावे, आणि आपल्याला भीती वाटते हेसुद्धा. गोळी किंवा शिरेतले औषध घेतले तर घरी परतताना सोबत कुणीतरी हवेच. वायूचा अंमल मात्र, शेवटी नुसता प्राणवायू दिला की, काही मिनिटांत उतरतो.