न्यायमूर्ति विल्यम हेस्टी
आसन सोडूं जाणणारा न्यायाधीश

महोत्सवाच्या आनंदांत एखाद्या सत्पुरुषाच्या चरित्राचेंही मनन घडावें, ह्या हेतूनें आम्ही वाचकांपुढें अमेरिकेंतील न्यायमूर्ति विल्यम हेन्री हेस्टी ह्यांची जीवनकथा ठेवीत आहों. उच्च पद मिळविणारे पुष्कळ असतात. परंतु सदसद्विवेकबुद्धीच्या सांगण्यावरून तें सोडणारे विरळा. हेस्टी हे अशा विरळा पुरुषांपैकीं होते.

त्यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०४ रोजीं टेनेसी संस्थानांतील नॉक्सव्हिल शहरीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. वडील सरकारी कचेरींत कारकून, आई शिक्षिका. त्या काळीं दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीयांस शाळेंत, आगगाडींत, उपाहारगृहांत गोऱ्यांपासून वेगळें ठेवीत. आपल्या देशानें शिवाशिवीचें दुःख पाहिलें आहे. म्हणून ह्या वेगळेपणांतील अपमान वाचकांस निराळा सांगावयास नको. पुढें हें कुटुंब वॉशिंग्टनला राहावयास गेलें. १९२५ सालीं विल्यम ॲमहर्स्ट महाविद्यालयांतून पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले, दोन वर्षें शिक्षकी केली, आणि १९३० सालीं हार्वर्ड येथें कायद्याची पदवी घेतली. नंतर ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठांत कायदा शिकवूं लागले. थर्गुड मार्शल हे तेथील त्यांचे शिष्य.

१९३७ सालीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं त्यांस व्हर्जिन बेटांच्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश नेमिलें. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या न्यायासनावर बसणारे हे पहिले कृष्णवर्णीय होत. परंतु दोनच वर्षांनीं तें आसन सोडून ते हॉवर्डच्या विधिविद्यालयाचे प्रमुख झाले. १९४० सालीं युद्धमंत्री स्टिमसन ह्यांचे सल्लागार म्हणून त्यांस बोलावणें आलें. कृष्णवर्णीय सैनिकांस न्याय मिळवून देणें हें त्यांचें काम होतें.

येथेंच त्यांची खरी कसोटी लागली. सैन्यांत दोन्ही वर्णांच्या पलटणी वेगळ्या होत्या. इतकेंच काय, जखमींकरितां दिलेलें रक्तही वर्णाप्रमाणें वेगळें ठेवीत. हेस्टींनीं अहवाल लिहिले, विनवण्या केल्या. विमानदलाचे अधिकारी मात्र ऐकेनात. उलट वेगळ्या शिक्षणशाळांची योजना पुढें आली. तेव्हां जानेवारी १९४३ मध्यें, ऐन युद्धांत, त्यांनीं राजीनामा दिला व त्याचीं कारणें लोकांपुढें मांडलीं. गप्प राहून मान व वेतन राखणें सोपें होतें. पण ज्या अन्यायाच्या निवारणासाठीं आपण आलों त्याचीच शोभा होऊन बसणें त्यांस मान्य नव्हतें. पुढें १९४८ सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं सैन्यांत सर्वांस समान वागणूक देण्याचा हुकूम काढिला.

पद गेलें, काम थांबलें नाहीं. शिष्य मार्शल ह्यांच्यासह ते सर्वोच्च न्यायालयापुढें उभे राहिले. १९४४ सालीं टेक्सासमधील पक्षांतर्गत निवडणुकींत कृष्णवर्णीयांस मतदानाचा हक्क मिळाला, व १९४६ सालीं एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत जाणाऱ्या मोटारबसमधील सक्तीची वेगळी बैठक बेकायदा ठरली. त्याच १९४६ सालीं ते व्हर्जिन बेटांचे राज्यपाल झाले.

१९४९ सालीं ट्रूमन ह्यांनीं त्यांस फिलाडेल्फिया येथील तिसऱ्या मंडळाच्या अपील न्यायालयावर नेमिलें. पुढील वर्षीं सिनेटनें संमति दिली. अशा न्यायालयांत साक्षीदार नसतात, पंचही नसतात. बहुधा तीन न्यायाधीश खालच्या न्यायालयाचे कागद तपासून तेथें कायद्याची चूक झाली कीं काय हें पाहतात. त्यांच्यावर केवळ सर्वोच्च न्यायालय. गाजावाजा नसलेलें हें काम हेस्टींनीं दोन तपांहून अधिक काळ केलें. १९६८ ते १९७१ ते तेथील मुख्य न्यायाधीश होते.

१९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयासाठीं त्यांच्या नांवाचा विचार झाला, पण निवड झाली नाहीं. पांच वर्षांनीं तो मान त्यांच्या शिष्याला, मार्शलांना, लाभला. गुरूला ह्याहून मोठें पारितोषिक कोणतें? १४ एप्रिल १९७६ रोजीं हेस्टी निवर्तले. त्यांच्या न्यायालयाच्या ग्रंथालयास त्यांचें नांव दिलेलें आहे.

वाचकहो, आपणांपैकीं न्यायासनावर बसणारे थोडेच. परंतु कचेरींत, कारखान्यांत, पंचायतींत लहानसें आसन प्रत्येकास लाभतें. त्यावर कसें बसावें, आणि वेळ येतांच त्यावरून कसें उठावें, हें ह्या चरित्रावरून आपण शिकूं या.