निकोला टेस्ला: १८९८ ची रिमोटवरची बोट ते तुमच्या टीव्हीखालचा स्मार्ट होम हब

टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग बॉक्सवर आपण सिनेमे, सिरीज, क्रिकेट बघतो. पण त्यातले काही बॉक्स घरातले दिवे, पंखे, प्लग आणि सेन्सर सांभाळायचं कामही करतात. त्यालाच स्मार्ट होम हब म्हणतात. हा हब कसा सेट करायचा ते आज बघूच, पण त्याआधी एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तार न जोडता दूरच्या यंत्राला हुकूम द्यायचा आणि ते यंत्र फक्त आपलंच ऐकेल याची सोय करायची, हे दोन्ही प्रश्न त्याने सव्वाशे वर्षांपूर्वी हातात घेतले होते. टेस्ला म्हटलं की आता लोकांना गाडी आठवते. आपण बोलतोय ते निकोला टेस्लाबद्दल.

पुजाऱ्याचा मुलगा

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, स्मिल्यान नावाच्या खेड्यातला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. घराणं सर्बियन. वडील मिलुटिन ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. आई ड्युका शाळेत गेलेली नव्हती, पण घरकामासाठी लागणारी छोटी अवजारं स्वतः बनवायची आणि तिला लांबलचक लोककाव्यं तोंडपाठ होती. आपल्याला यंत्रांची आवड आईकडून मिळाली असं टेस्ला पुढे सांगायचा. तो लहान असतानाच मोठा भाऊ घोड्याच्या अपघातात गेला.

मुलाने आपल्यासारखंच धर्मगुरू व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. १८७३ मध्ये टेस्लाला कॉलरा झाला आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला. बरा झालास तर इंजिनिअरिंगला पाठवतो, असा शब्द वडिलांनी तेव्हा दिला आणि तो पाळलाही. १८७५ मध्ये टेस्ला ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. पहिल्या वर्षी तो जबरदस्त अभ्यास करायचा, नंतर मात्र जुगाराच्या नादी लागला. शेवटी डिग्री न घेताच त्याने कॉलेज सोडलं.

एसी मोटरची आयडिया आणि खड्डे खोदायचे दिवस

पुढे तो बुडापेस्टमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या कामाला लागला. १८८२ मध्ये तिथल्या बागेत फिरताना त्याला फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना सुचली. एसी म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज. असे दोन किंवा जास्त प्रवाह थोड्या थोड्या अंतराने सोडले, तर त्यांचं चुंबकीय क्षेत्र स्वतःच गोल फिरतं आणि मोटरचा मधला भाग त्याच्यामागे ओढला जातो. त्यामुळे मोटरमध्ये घासणारे, ठिणग्या उडवणारे भाग लागतच नाहीत. आज गिरणीतल्या आणि शेतातल्या थ्री फेज मोटरी याच तत्त्वावर चालतात.

१८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि एडिसनच्या कंपनीत नोकरीला लागला. एडिसनचा सगळा धंदा डीसी विजेवर उभा होता, टेस्लाच्या डोक्यात एसी. काही महिन्यांतच त्याने नोकरी सोडली आणि स्वतःच्या नावाची कंपनी काढली. गुंतवणूकदारांनी त्यालाच बाहेर काढलं. पेटंट कंपनीच्या नावावर होती, त्यामुळे ती पण हातातून गेली. पोटासाठी या इंजिनिअरने काही काळ न्यूयॉर्कमध्ये खड्डे खोदले.

नशीब फिरलं ते १८८८ मध्ये. जॉर्ज वेस्टिंगहाउसने एसी मोटरच्या पेटंटचे हक्क घेतले. १८९३ मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन एसी विजेने उजळलं आणि १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोचली. लांब डोंगरात वीज बनवायची आणि शहरात वापरायची, हा मार्ग एसीने मोकळा केला. आपल्याकडेही १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज आली, ती याच मार्गाने.

पैसा मात्र त्याच्याकडे टिकला नाही. वेस्टिंगहाउस कंपनी अडचणीत आली तेव्हा त्याने रॉयल्टीचा हक्क सोडून दिला. मार्च १८९५ मध्ये त्याची प्रयोगशाळा आगीत जळाली. विमा नव्हता. यंत्रं, नोंदी, कित्येक वर्षांचं काम एका रात्रीत गेलं.

तारेशिवाय चालणारी बोट

आता येतो आपल्या विषयाचा भाग. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टेस्लाने पाण्याची मोठी टाकी मांडली आणि त्यात लोखंडी पत्र्याची छोटी बोट सोडली. बोटीत बॅटरी, मोटर, सुकाणू आणि दिवे होते. टेस्ला दूर उभा राहून पेटीवरचा खटका फिरवायचा आणि बोट वळायची, थांबायची, दिवे लावायची. मध्ये एकही तार नाही. त्या वेळी रेडिओवर साधा आवाजसुद्धा कुणी ऐकलेला नव्हता. त्यामुळे बोटीत माकड लपवलंय की काय, अशी शंका काही लोकांनी घेतल्याचं सांगतात.

आतली युक्ती अशी होती. बोटीत धातूची भुकटी भरलेला छोटा डबा होता. एरवी भुकटीतून वीज जात नसे. रेडिओ लहर आली की भुकटीचे कण एकमेकांना चिकटून वीज वाहू लागायची. लगेच डबा उलटा फिरवला जायचा, म्हणजे कण सुटे होऊन पुढच्या सिग्नलसाठी तयार. प्रत्येक सिग्नलला आतली चकती एक घर पुढे सरकायची: डावीकडे, सरळ, उजवीकडे. जुन्या पंख्याच्या दोरीने एकेक स्पीड बदलावा तसंच.

याचं पेटंट त्याला ८ नोव्हेंबर १८९८ ला मिळालं, क्रमांक ६१३८०९. पुढे माणसाने बटण न दाबताही आजूबाजूची परिस्थिती ओळखून स्वतःच काम करणारी यंत्रं येतील, असं त्याने १९०० मध्ये लिहिलं. अंधार पडला की दिवा लाव, दार उघडलं की फोनवर कळव, ही आजची ऑटोमेशन म्हणजे तीच कल्पना.

शेजाऱ्याच्या बटणाने माझी बोट वळली तर?

ही भीती टेस्लाला तेव्हाच होती. एकाच लहरीवर दोन माणसं हुकूम देऊ लागली तर यंत्र कुणाचं ऐकणार? आणि कुणी मुद्दाम खोटा सिग्नल पाठवला तर? त्याने उपाय काढला. दोन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे सिग्नल एकाच वेळी आले, तरच यंत्राने काम करायचं. एकच आला तर गप्प बसायचं. घराच्या दाराला दोन कुलपं असावीत आणि दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडू नये, तसं. याची पेटंट त्याला १९०३ मध्ये मिळाली.

एका माणसाच्या पैशावर उभा टॉवर

१९०१ मध्ये टेस्लाने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ नावाचं केंद्र उभारायला घेतलं. तिथून जगभर संदेश पाठवायचे, आणि पुढे वीजसुद्धा तारेशिवाय पाठवायची, असं त्याचं स्वप्न. पैसे दिले बँकर जे. पी. मॉर्गनने, १,५०,००० डॉलर. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने कमी खर्चाच्या यंत्रणेवर अटलांटिक पलीकडे सिग्नल पोचवला. टेस्लाचा खर्च वाढतच गेला, आणि मॉर्गनने जास्त पैसे द्यायला नकार दिला. टॉवर कधीच पूर्ण कामाला लागला नाही. हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी ती जागा हॉटेलवाल्यांकडे गेली आणि १९१७ मध्ये टॉवर पाडला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टेस्लाने सगळ्यांना फुकट वीज दिली असती, पण दाबून टाकली, असे मेसेज फॉरवर्ड होत असतात. पृथ्वीभर तारेशिवाय वीज पोचवायची त्याची योजना चाललीच नसती, कारण ऊर्जा अंतराबरोबर पसरत आणि वाया जात राहते. तो मोठा होता, पण प्रत्येक वेळी बरोबर नव्हता.

शेवटची वर्षं त्याने न्यूयॉर्कच्या हॉटेलांमध्ये काढली. लग्न केलं नाही. कबुतरांना दाणे घालायचा, आजारी कबुतरांना खोलीवर आणायचा. खिशात मावेल अशा यंत्रावर माणसं एकमेकांना बघतील आणि बोलतील, असं त्याने १९२६ च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं. ७ जानेवारी १९४३ ला हॉटेल न्यूयॉर्करच्या खोलीत तो वारला. वय ८६, जवळ पैसा जवळपास नाहीच. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीच्या रेडिओ पेटंटमधले काही महत्त्वाचे दावे रद्द केले, आणि ते करताना टेस्लाच्या आधीच्या कामाचाही आधार घेतला. ते ऐकायला तो नव्हता. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव मिळालं.

आता तुमच्या टीव्हीखालचा बॉक्स

टेस्लाची बोट आणि तुमचा स्मार्ट बल्ब यांच्यात तत्त्व एकच: लहर, ऐकणारं यंत्र, ओळख पटवणं. हब का लागतो? कारण फोन तुमच्यासोबत ऑफिसला जातो, बॉक्स मात्र घरीच चालू राहतो. तुम्ही बाहेरून हुकूम दिला की घरातला बॉक्स तो पुढे पोचवतो, आणि ठरवून दिलेली कामं तुमच्याशिवायही करतो.

१. विकत घेण्याआधी मॉडेल तपासा. प्रत्येक स्ट्रीमिंग बॉक्स हब होत नाही. मॅटर आणि थ्रेड हे दोन शब्द शोधा. मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंची समान भाषा, तिची पहिली आवृत्ती २०२२ मध्ये आली. थ्रेड म्हणजे कमी बॅटरी खाणारं वायरलेस जाळं, त्यात एक वस्तू दुसरीचा सिग्नल पुढे ढकलते. नाव सारखं असलं तरी फसू नका. २०२२ च्या अ‍ॅपल टीव्ही ४के मध्ये १२८ जीबीच्या मॉडेलला थ्रेड आहे, ६४ जीबीच्या मॉडेलला नाही. गुगल टीव्ही स्ट्रीमरमध्ये दोन्ही आहेत.

२. आधी बॉक्स, मग बल्ब. बॉक्स आणि फोन एकाच वाय-फायवर आणि एकाच अकाउंटवर ठेवा. त्या अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. एका पासवर्डसोबत दुसरी खात्री, म्हणजे टेस्लाच्या दोन किल्ल्याच.

३. क्यूआर कोड जपून ठेवा. मॅटरच्या वस्तूवर क्यूआर कोड आणि ११ अंकी आकडा असतो. होम अ‍ॅपमधून तो स्कॅन केला की वस्तूला तुमच्या घराचं डिजिटल प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर ती शेजाऱ्याच्या फोनचं ऐकत नाही. कोडचा फोटो काढून ठेवा, रीसेट केल्यावर तोच लागतो. आणि तो फोटो कुणाला पाठवू नका.

४. बॉक्स टीव्हीच्या पाठीमागे लपवू नका. धातू लहरी अडवतो. थ्रेड, ब्लूटूथ आणि बरेचसे स्वस्त वाय-फाय बल्ब २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, म्हणून राउटर आणि बॉक्समध्येही थोडं अंतर ठेवा.

५. लाइट गेली तर? बॉक्स आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. बल्बच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते निवडा, नाहीतर रात्री तीन वाजता लाइट आली की सगळे दिवे लख्ख पेटतील. भिंतीवरचं बटण बंद केलं तर बल्ब काहीच ऐकणार नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

एकावरच सगळं टाकू नका

वॉर्डनक्लिफचा टॉवर एका माणसाच्या पैशावर उभा होता. तो हात मागे गेला आणि सगळं संपलं. तुमचं घरही एखाद्या कंपनीच्या लांबच्या सर्व्हरवरच अवलंबून असेल, तर सर्व्हर बंद पडल्यावर स्वतःच्या हॉलचा दिवा लागणार नाही. म्हणून घरातल्या नेटवर्कवर चालणाऱ्या, इंटरनेट गेलं तरी ऐकणाऱ्या वस्तू निवडा. मॅटरचा मोठा फायदा हाच आहे, शिवाय तीच वस्तू दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपलाही जोडता येते.

सेटिंग झालं की एक टेस्ट नक्की करा. राउटरची इंटरनेटची वायर काढा, वाय-फाय चालू ठेवा, आणि अ‍ॅपमधून दिवा लावून बघा. लागला, तर घराचा ताबा तुमच्याच हातात आहे. नाही लागला, तर पुढचा बल्ब घेताना काय बघायचं ते आता तुम्हाला माहीत आहे!