ठिसूळ धातूला वाकवणारा माणूस

मालवणच्या समुद्रात स्कूबा करून आलेली मंडळी आता परभणीतही भेटतात. खोल, काळोख्या पाण्यात उतरणारे पाणबुडे पूर्वी सोबत जो प्रखर दिवा नेत, त्याचे आणि आमच्या सरकारी रुग्णालयातल्या एक्स-रे नळीचे दुखणे एकच आहे: भयंकर उष्णता, धक्के आणि सारखे चालू-बंद करणे. दोन्हींच्या पोटात टंगस्टन असते. हा हट्टी धातू माणसाच्या कह्यात आणला विल्यम डेव्हिड कूलिज यांनी.

कूलिज यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील हडसन या छोट्या गावातला. घरची परिस्थिती बेताची. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते एमआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकू शकले. पुढे १८९९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला डॉक्टरेट केली आणि १९०५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

तेव्हाच्या बल्बमध्ये कोळशाची तार असे. ती जास्त तापवली की झिजून तुटायची आणि काच काळी पडायची. टंगस्टन वितळायला ३,४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, म्हणजे तारेसाठी याहून चांगला धातू नाही. पण तो काचेसारखा ठिसूळ. त्याच्या भुकटीचा लगदा करून तारा बनवल्या जात. त्या प्रकाश उत्तम देत आणि जरा हादरा बसला की तुटत. जिंतूरच्या रस्त्याने असा बल्ब आणला असता तर घरी पोचेपर्यंत काय उरले असते, याची कल्पना करा!

कूलिज यांनी या एका प्रश्नाला काही वर्षे दिली. इतर धातू ठोकून कडक झाले की तापवून मऊ करतात. टंगस्टनचे उलटे निघाले. ठरावीक मर्यादेत तापवून त्याला चारी बाजूंनी ठोकत, हळूहळू तापमान उतरवत, मग हिऱ्याच्या छिद्रातून ओढत नेले, की आतले कण लांबट तंतूंसारखे होतात आणि तार थंड असतानाही वाकते. १९१० च्या सुमारास हे साधले. बल्ब धक्के सोसू लागला.

डॉक्टर म्हणून मला मात्र त्यांचे पुढचे काम मोठे वाटते. जुन्या एक्स-रे नळीत थोडा वायू ठेवावा लागे. वापराने तो कमी-जास्त होई आणि आजची नळी उद्या वेगळीच वागे. किरण किती निघताहेत हे पाहायला डॉक्टर स्वतःचाच हात पुढे धरत. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे एक्स-रेवरच्या प्रयोगांत दोन्ही हात गमावून १९०४ मध्ये गेले. कूलिज यांनी १९१३ मध्ये नळी जवळजवळ पूर्ण निर्वात केली आणि आत टंगस्टनची तापणारी तार बसवली. तार जितकी तापेल तितके इलेक्ट्रॉन सुटतात. किरणांची भेदकता दाबाने, म्हणजे व्होल्टेजने, वेगळी ठरवता येते. मात्रा हाती आली. आजही तंत्रज्ञ शेतकऱ्याच्या मोडलेल्या हाताचा फोटो काढताना हेच दोन आकडे लावतो.

ही नळीही अमर नाही. एक्स-रेचे बटण दोन टप्प्यांचे असते. पहिल्या टप्प्यावर बोट उगाच दाबून ठेवले की तार पूर्ण तापत राहते, टंगस्टन उडून काचेवर बसते, तार बारीक होते. पाणबुड्यांच्या त्या जुन्या प्रखर डिस्चार्ज दिव्यात तार नसते, टंगस्टनच्या दोन टोकांमध्ये ठिणगीची कमान पेटते. तरी प्रत्येक वेळी पेटवताना ती टोके झिजतातच. गरम दिवा विझवून लगेच पुन्हा पेटवू पाहणे तर त्याच्या मुळावर येते.

पहिल्या महायुद्धात कूलिज यांनी रणभूमीवर नेता येईल असा एक्स-रे संच तयार केला. पाण्याखालच्या पाणबुड्यांची चाहूल घेणारे श्रवणयंत्रही त्यांनीच केले.

न्यायालयात मात्र त्यांना धक्का बसला. तन्य टंगस्टनचे पेटंट रद्द ठरले. वाकण्याचा गुण धातूत निसर्गतःच होता, तो कुणी निर्माण केलेला नाही, असा निवाडा झाला. तो गुण बाहेर काढायला काही वर्षे ठोकत बसावे लागले होते, हे मला त्यात कुठे दिसत नाही. कूलिज यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. उलट, ज्या कामाचे पेटंट टिकले नाही त्यासाठी पदक कसे घ्यावे, म्हणून १९२६ मध्ये एडिसन पदक नाकारले. पुढच्या वर्षी ते पुन्हा देऊ केले गेले, तेव्हा घेतले.

१९३२ मध्ये ते त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. सुरुवातीच्या क्ष-किरण संशोधकांपैकी अनेकांची बोटे गेली, काहींचे प्राण गेले. कूलिज यांचे निधन ३ फेब्रुवारी १९७५ रोजी झाले, वयाच्या १०१ व्या वर्षी.