नगरपालिकेच्या सभागृहातील जोतीराव

राष्ट्रपिता जोतीराव फुले यांचे चरित्र आपल्या शाळेतील मुलांना तोंडपाठ असते. ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला मुले व्यासपीठावर येतात आणि भिडेवाड्यातील मुलींची शाळा, घरचा हौद, बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज अशा पायऱ्या चढत भाषण संपवतात. या भाषणांत एक वाक्य हमखास निसटते, आणि निसटले नाही तरी ते अर्ध्या ओळीत उरकले जाते. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे ते वाक्य. आम्हाला या अर्ध्या ओळीचे फार आकर्षण वाटत आले आहे. शाळा काढणारे, ग्रंथ लिहिणारे, समाज उभारणारे जोतीराव आपण जाणतो. परंतु रस्ते, गटारे, पाणी आणि जमाखर्च यांच्या बैठकीत बसलेले जोतीराव आपण फारसे पाहिलेले नाहीत. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या आयुष्याची ती बाजू जरा सविस्तर मांडावी, असा आमचा विचार आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशवाईत फुलांचा व्यवसाय करू लागल्याने ते फुले झाले. वडील गोविंदराव भाजीपाल्याचा आणि फुलांचा धंदा करीत. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण झाले, १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली, पाठोपाठ घर सोडावे लागले, आणि १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा उभी राहिली. सावित्रीबाईंनी या साऱ्यात केलेले काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. हा सारा इतिहास वाचकांस परिचित आहे, म्हणून आम्ही त्यावर रेंगाळत नाही.

ज्याकडे आपले लक्ष जात नाही, ती गोष्ट म्हणजे त्यांचा व्यवसाय. समाजकार्यावर जोतीरावांनी कधी पोट भरले नाही. ते ठेकेदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या संस्थेशी त्यांचा संबंध होता. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा मोठ्या बांधकामांत त्यांचा ठेकेदार म्हणून सहभाग होता. ओतकामाचे साहित्य विकण्याचा व्यवहारही त्यांनी केला. म्हणजे दगड किती, चुना किती, मजूर किती, मोजमाप कोण घेतो, बिल कुठे अडते आणि ते सोडवण्यासाठी कोणाचा हात ओला करावा लागतो, हे सारे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, प्रत्यक्ष पाहिलेले होते. बांधकाम खात्यातील कारकून आणि कामगार यांच्यातील व्यवहार, गरीब मजुराच्या हजेरीवर मारला जाणारा डल्ला, याविषयी त्यांनी आपल्या लेखनात जे कठोर लिहिले, त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे. रस्ता का खचतो हे ठेकेदाराला जितके कळते, तितके रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. खाली खडी भरपूर हवी, वरचा थर दाबलेला हवा, आणि दोन्ही बाजूंनी पाणी निघून जायला वाट हवी. पाण्याला वाट नसेल तर वर कितीही खडी ओता, एका पावसात सारे वाहून जाते. आपल्या कोकणात हे शहाणपण शिकवायला कोणी इंजिनिअर लागत नाही. पाखाडी बांधणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांशेजारी पाण्यासाठी चर ठेवलेला असे.

१८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ही घटना आपण धर्माच्या आणि जातीच्या अंगाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण ती शहराच्या व्यवस्थेवरची टीकाही होती, याकडे आमचे विद्यार्थी फारसे पाहत नाहीत. पाणी सार्वजनिक असते, तर एका गृहस्थाला आपला खाजगी हौद उघडण्याची पाळी आली नसती. आठ वर्षांनी तोच गृहस्थ नगरपालिकेत जाऊन बसला.

त्या काळची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती. निवडणूक नव्हती. सभासद सरकार नेमत असे. १८७३ च्या कायद्याने नगरपालिकांची रचना ठरवली होती, आणि त्यांत सरकारी अधिकारी आणि शहरातील प्रतिष्ठित धनिक यांचा भरणा असे. मालावरची जकात हा उत्पन्नाचा मोठा आधार. खेड्यातून येणाऱ्या गाडीवर नाक्यावर जी जकात बसे, तिच्यातून शहराचे रस्ते झाडले जात आणि दिवे लागत. जोतीरावांना मते देणारा एकही मतदार नव्हता, आणि ज्यांचे ते प्रतिनिधी होते, त्या शेतकऱ्यांना आणि कष्टकऱ्यांना आपला कोणी प्रतिनिधी तेथे बसला आहे हे बहुधा ठाऊकही नव्हते. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या मर्जीने वागावे, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. ते सभासद झाले त्याच वर्षी दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ सुरू झाला. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. सभागृहात खर्चाचे आकडे ऐकणारे जोतीराव आणि धनकवडीला मुलांच्या पंगती पाहणारे जोतीराव एकच होते, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे प्रसंग नीट समजतात.

त्यांतील पहिला प्रसंग व्हाइसरॉयच्या पुणे भेटीचा. स्वागतासाठी, शहर शृंगारण्यासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला. सभासद बत्तीस होते. विरोधात मत दिले ते एकट्या जोतीरावांनी. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. ठराव अर्थातच मंजूर झाला. आम्ही इतिहास शिकवतो, त्यामुळे हरलेल्या मताचे मोल आम्हाला जरा अधिक वाटते. एकतीस विरुद्ध एक असा तो आकडा नोंदला गेला नसता, तर त्या दिवशी संपूर्ण पुणे आनंदाने कमानी उभारीत होते, असेच आपण आज लिहिले असते.

दुसरा प्रसंग दारूच्या दुकानांचा. १८८० च्या सुमारास पुण्यात दारूची दुकाने झपाट्याने वाढू लागली. १८ जुलै १८८० रोजी जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. दारू वाईट असे नुसते सांगून ते थांबले नाहीत, आणि हीच त्यांच्या विचारांची खुबी आहे. आरोग्य सांभाळणे हे नगरपालिकेचे काम, त्यासाठी ती नोकर ठेवते आणि पैसा खर्च करते. मग शहरवासीयांचे आरोग्य आणि संसार दोन्ही बुडवणारी दुकाने वाढताना तिने हात बांधून कसे बसावे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. नीतीचा प्रश्न त्यांनी कारभाराचा प्रश्न करून समितीच्या टेबलावर ठेवला. ज्यांना आपल्या गावातील दुकानाविरुद्ध अर्ज करावयाचा असेल, त्यांनी ही मांडणी अभ्यासावी.

तिसरा प्रसंग मंडईचा, आणि तो आम्हाला सर्वांत बोलका वाटतो. पुण्याचा भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरत असे. त्याऐवजी एक भव्य, पक्की मंडई बांधण्याचे नगरपालिकेने ठरवले. सौंदर्याच्या दृष्टीने ती इमारत खरोखरच देखणी झाली. मध्ये उंच मनोरा आणि भोवती आठ दिशांना पसरलेले आठ हात. जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला. हरी रावजी चिपळूणकर यांनी त्यांना साथ दिली. शहरातील बहुसंख्य मुले निरक्षर असताना एवढा पैसा इमारतीत घालू नये, तो शाळांना द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. लक्षात घ्या, हा विरोध करणारा माणूस स्वतः बांधकामाचा ठेकेदार होता. मोठी इमारत उभी राहण्यात त्याचा धंदा होता, तोटा नव्हता. शिवाय तो भाजीवाल्याचा मुलगा होता. उन्हापावसात उघड्यावर बसण्याचे हाल त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तरीही आधी काय आणि नंतर काय, या प्रश्नाचे त्याचे उत्तर ठरलेले होते. काही अभ्यासक जोतीरावांच्या या विरोधाला अव्यवहारी म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. शाळेला पैसा नाही असे सांगणाऱ्या संस्थेपाशी मनोऱ्याला पैसा कोठून आला, हा प्रश्न अत्यंत व्यवहारी आहे.

हाच विचार पुढे १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात विस्ताराने येतो. जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयावर एक आणा लोकल फंड म्हणून शेतकऱ्याकडून घेतला जाई. त्यातील एक तृतीयांश शिक्षणासाठी, उरलेला रस्ते वगैरे सार्वजनिक कामांसाठी, अशी वाटणी होती. वर शहरात माल नेला की जकात वेगळी. देतो कोण आणि भोगतो कोण, या हिशेबाला जोतीरावांनी जो हात घातला, त्यात नगरपालिकेच्या सहा वर्षांतील बैठकांचा वाटा असला पाहिजे, असे आमचे मत आहे. त्याआधी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. सभागृहात ज्या मुद्द्यावर ते हरले, तोच मुद्दा घेऊन ते थेट सरकारच्या आयोगापुढे गेले.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. आपले अनेक माजी विद्यार्थी आणि पालक आज ग्रामपंचायतीत, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीच्या नगरपरिषदांत किंवा कणकवली, कुडाळच्या नगरपंचायतींत निवडून जातात. १९९३ पासून लागू झालेल्या घटनादुरुस्त्यांनी राखीव जागा दिल्या, आणि बत्तीसात एकटे बसण्याची वेळ आता आपल्यापैकी अनेकांवर येते. मिरग लागला की गावातला डांबरी रस्ता जेथे संपतो, तेथून पुढे बहुधा आपली वाडी सुरू होते, हे चित्र सिंधुदुर्गातील वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे, तिच्यातून अंतर्गत रस्ते, गटारे, पाणी, दिवे ही कामे घेता येतात. परंतु आपलाच सभासद जेव्हा गटाराऐवजी वस्तीच्या तोंडाशी कमान मागतो, आणि तिच्याखालून मुले चिखल तुडवीत शाळेला येतात, तेव्हा आम्हाला पुण्याच्या त्या हजार रुपयांची आठवण होते. कमानीवर महामानवांची नावे कोरलेली असतात म्हणून आपण गप्प बसतो. जोतीराव गप्प बसले असते असे वाटत नाही.

कोकणाचाच एक दाखला द्यायचा तर महाडचा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपली सार्वजनिक तळी सर्वांना खुली असल्याचे ठरवले. कागदावर ठराव होता, तळ्यावर पाणी मिळत नव्हते. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना आपले गुरू मानले, आणि १९४६ मधील शूद्रांच्या उत्पत्तीविषयीचा ग्रंथ त्यांना अर्पण केला. घरच्या हौदापासून चवदार तळ्यापर्यंतचे अंतर एकोणसाठ वर्षांचे आहे.

१८८२ नंतर जोतीराव नगरपालिकेत नव्हते. लॉर्ड रिपनच्या धोरणामुळे पुढे निवडणुका आल्या, आणि मतदानाचा अधिकार मालमत्ता व शिक्षण असणाऱ्यांपुरता राहिला. ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती आणि घरामागे जागाही तयार होती. वस्तीत दफन करण्यास परवानगी मिळाली नाही. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि अग्नी दिला. अस्थी मात्र घरामागच्या त्या जागेत आणून ठेवण्यात आल्या.

मंडईची इमारत त्यांच्या हयातीतच पूर्ण झाली होती. तिला त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ते नाव बदलले आणि ती महात्मा फुले मंडई झाली. सहलीला पुण्यास गेलेल्या आपल्या मुलांना आम्ही ती इमारत दाखवतो, तेव्हा या विरोधाची गोष्टही सांगतो. मुले हसतात, आणि मग आत जाऊन गाळ्यांवर बसलेल्या भाजीवाल्या बायांकडून पेरू विकत घेतात.