वाल्डेमार हाफकिन : प्लेगच्या साथीला मोजून उत्तर देणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या कोल्हापूर भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात प्लेगच्या साथीचा उल्लेख अजूनही ऐकायला मिळतो. घरात उंदीर मरून पडला की लोक घाबरायचे. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, सडकून ताप भरायचा आणि चार-सहा दिवसांत धडधाकट माणूस जायचा. म्हणून या रोगाला गाठीचा ताप असंही म्हणत. गावंच्या गावं घरदार सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. या रोगाविरुद्ध पहिली प्रभावी लस आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत तयार झाली. ती तयार करणारा माणूस मात्र आला होता फार लांबून. आज आपण त्याच वाल्डेमार हाफकिन यांची ओळख करून घेणार आहोत.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा या शहरात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू कुटुंबाचं. विद्यापीठात त्यांना मेचनिकॉव्ह यांच्यासारखे थोर शिक्षक मिळाले. प्राणिशास्त्र हा त्यांचा विषय. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, हाफकिन हे रोग्यांना तपासणारे डॉक्टर नव्हते, तर सूक्ष्मजीवांचा अभ्यास करणारे संशोधक होते. पुढे याच गोष्टीवरून त्यांना पुष्कळ टोमणे ऐकावे लागले. त्या काळी रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात वरची जागा मिळणं कठीण होतं. धर्म बदलला असता तर वाट मोकळी झाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. त्यांनी देश सोडला आणि जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे मिळालेलं काम कोणतं, तर ग्रंथपालाच्या मदतनिसाचं! दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे.

या फावल्या वेळातच त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर लस शोधली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण जिवाला धोका नाही हे कळलं. आता खरी परीक्षा पटकीच्या साथी जिथे वारंवार येत तिथेच होणार होती. म्हणून १८९३ साली ते भारतात, कलकत्त्याला आले.

इथे लोकांचा विश्वास बसणं सोपं नव्हतं. परका माणूस, हातात सुई आणि अंगात काय घालतोय ते समजत नाही. भीती वाटणारच, नाही का? कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत हाफकिन यांनी लोकांसमोर आधी स्वतःला सुई टोचून घेतली, मग त्यांना विचारलं. हळूहळू माणसं पुढे येऊ लागली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. सरकारने ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना थोडीशी जागा मिळाली आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. एवढ्याच बळावर काम सुरू झालं. प्लेगचे जंतू मांसाच्या रस्स्यासारख्या द्रवात वाढवायचे होते. जंतू भरपूर वाढावेत म्हणून त्यांनी एक साधी युक्ती केली. द्रवावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांच्या खालच्या बाजूला धरून जंतू पारंब्यांसारखे लोंबत वाढायचे. मग ते उष्णता देऊन मारायचे. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतात. लसीचं मर्म हेच आहे.

अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. इतरांना पुढे द्यायचा होता त्याहून मोठा डोस त्यांनी स्वतः घेतला, बरं का! त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या जवळपास निम्म्या कैद्यांनी आपखुशीने लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जणांनाच प्लेग झाला आणि दगावलं कुणीही नाही.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यात सैनिक घराघरात शिरून झडत्या घेत होते. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लस तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. जूनमध्ये चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. साथ आवरायला नुसती सक्ती केली तर काय होतं, ते पुण्याने पाहिलं. हाफकिन यांची रीत वेगळी होती. लस ज्याने त्याने स्वखुशीने घ्यायची आणि तिचा गुण आकड्यांनी दाखवायचा.

या रीतीचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे बडोदा संस्थानातलं उंढेरा हे गाव. १८९८ च्या सुरुवातीला तिथे प्लेग होता. हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. असं का केलं असेल? विचार करा. एका गावाला लस दिली आणि दुसऱ्याला नाही, तर कुणीही म्हणेल की त्या गावची हवा चांगली होती, पाणी चांगलं होतं. पण एकाच घरात राहणारी, एकाच चुलीवरचं खाणारी माणसं घेतली तर फरक उरतो तो लसीचाच. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, तिथला हिशेब असा निघाला : लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले.

हे आकडे एकदा सावकाश वाचा. लस घेतलेली माणसंही आजारी पडली, मेलीसुद्धा. हाफकिन यांनी ते लपवलं नाही. लस म्हणजे जादू नव्हे, पण ती घेतल्यावर मरणाचा धोका कितीतरी कमी होतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि तेवढं त्यांनी सिद्ध केलं. त्याच वर्षी आपल्या दक्षिणेला हुबळीत हजारो लोकांनी लस टोचून घेतली.

आता आपल्या कोल्हापूरकडे वळू. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि थोड्याच वर्षांत दुष्काळ व प्लेग अशी दुहेरी संकटं संस्थानावर आली. दरबाराने लोकांना दाट वस्तीतून हलवून बाहेर मोकळ्यावर राहायला लावलं, रोग्यांना वेगळं ठेवलं. माळावर जाणं का उपयोगी पडत होतं, याचं नेमकं कारण संशोधनातून पुढे पक्कं झालं. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. उंदीर मेला की भुकेल्या पिसवा माणसाला चावतात. घर सोडलं म्हणजे उंदीर आणि पिसवा मागे राहतात. म्हणजे बघा, लोकांचा अनुभव आणि प्रयोगशाळेतलं शास्त्र एकाच ठिकाणी येऊन पोहोचलं.

१८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. लसीला मागणी वाढत होती. आणि नेमका तेव्हाच घाव बसला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आलं. दुसऱ्यांदा त्यांना आपलं कामाचं ठिकाण सोडावं लागलं.

पण पुराव्याची नीट छाननी झाल्यावर वेगळंच दिसलं. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. मात्र तोवर पाच वर्षं गेली होती. ते भारतात परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात काही वर्षं काम करून ते निवृत्त झाले आणि युरोपात गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचं निधन झालं.

त्याआधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असं नाव देण्यात आलं. आपल्याकडे उसाच्या फडात एखाद्याला साप चावला तर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, त्याच्या निर्मितीशीही हे नाव पुढे जोडलं गेलं.

मित्रांनो, साथ आली की अफवा पहिल्यांदा पळतात. कुणी म्हणतं लसीने माणूस मरतो, कुणी म्हणतं लसीने काहीच होत नाही. अशा वेळी हाफकिन यांचा प्रश्न विचारायला शिका : किती जणांनी घेतली, किती जणांनी घेतली नाही आणि दोघांचं काय झालं? मुल्कोवालच्या चौकशीतही हाच प्रश्न नीट विचारला असता, एक बाटली आणि बाकीच्या बाटल्या यांची तुलना केली असती, तर एका निरपराध माणसाची पाच वर्षं वाया गेली नसती.

आता वही घ्या. उंढेऱ्याच्या आकड्यांवरून दोन्ही गटांतलं मृत्यूचं शेकडा प्रमाण काढा. एका गटाचं साधारण ४ येईल आणि दुसऱ्याचं ४० च्या वर. मग हे गणित घरी आई-वडिलांना समजावून सांगा.